कन्सोल मॉड करायचाय? आधी नँडची प्रत, मग बाकी सगळं

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरात एक जुना निन्टेन्डो वी पडून आहे आणि एक स्विच रोजच्या वापरात आहे. दोन्हींवर होमब्रू, म्हणजे कंपनीच्या परवानगीशिवाय लिहिलेली सॉफ्टवेअरं, चालवून बघायची आहेत. कन्सोल कायमचा बंद पडतो का, ऑनलाइन बंदी येते का, मॉडचिप लागतेच का आणि सुरुवात कुठून करायची?

आधी सरळ उत्तर देतो. वीवर या शनिवार-रविवारीच काम सुरू करा. शिकण्यासाठी इतकं सोसणारं यंत्र क्वचितच मिळतं, आणि त्याच्या ऑनलाइन सेवा कधीच बंद झाल्यामुळे बंदीची भीतीही उरलेली नाही. स्विचला मात्र अजून हात लावू नका. वीवर दोन-चार आठवडे काढले की स्विचच्या बाबतीत काय विचारायला हवं ते तुमचं तुम्हालाच कळेल.

पंधराहून जास्त वर्षं मी कन्सोल उघडतोय, दुरुस्त करतोय, मॉड करतोय. माझ्याकडे मेलेले म्हणून जे कन्सोल येतात त्यातले बहुतेक एक्स्प्लॉइट, म्हणजे सुरक्षेतल्या भोकातून शिरणारा कोड, चालवल्यामुळे मेलेले नसतात. मालकाने नँडची, म्हणजे कन्सोलच्या अंतर्गत साठवणीची, प्रत न घेताच पुढची पायरी चढलेली असते, म्हणून मेलेले असतात. प्रत का घ्यायची हे कळायला कन्सोल आतून कसा विचार करतो ते माहीत हवं. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

कन्सोल म्हणजे एक संगणकच, फक्त तो अनोळखी माणसाचं ऐकत नाही. त्यावर चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमवर कंपनीची डिजिटल सही असते. सही करायची खासगी किल्ली कंपनीच्या तिजोरीत, आणि सही तपासायची सार्वजनिक किल्ली कन्सोलमध्ये. बटण दाबल्यावर सगळ्यात आधी जागा होतो तो बूटरॉम. तो प्रोसेसरच्या सिलिकॉनमध्येच कोरलेला असतो, त्यामुळे कारखान्यातून बाहेर पडल्यावर कंपनीलाही बदलता येत नाही. बूटरॉम बूटलोडरची (यंत्रणा सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमची) सही तपासतो, बूटलोडर कर्नलची (यंत्रणेच्या गाभ्याची), कर्नल मेनूची, मेनू गेमची. एकेक कडी पुढच्या कडीची खात्री करत जाते. मॉड करणं म्हणजे या साखळीतली एखादी कडी आपल्याकडे वळवणं, एवढंच.

त्यामुळे कुठल्याही कन्सोलबद्दल मी पहिला प्रश्न हाच विचारतो: भोक कुठल्या कडीत आहे? ते गेममध्ये किंवा ब्राउझरमध्ये असेल, तर कन्सोल बंद केला की सगळं पुसलं जातं आणि पुढच्या अपडेटमध्ये भोकही बुजतं. कर्नलमध्ये असेल तर जास्त अधिकार मिळतात, पण अपडेटची भीती राहतेच. बूटरॉममध्ये असेल तर ते त्या यंत्राबरोबर जन्मभर राहतं. कायमचं काय, तात्पुरतं काय, अपडेट करायचं की नाही, मॉडचिप लागेल की नाही, ही सगळी उत्तरं या एका प्रश्नातून निघतात.

तुमच्याकडे वी आहे, म्हणून त्याची गोष्ट जरा सविस्तर सांगतो. मला स्वतःला ती फार आवडते.

वी २००६ मध्ये आला. त्यात जुन्या गेमक्यूबचे गेमही चालत, आणि त्यासाठी वी स्वतःला गेमक्यूब असल्यासारखं वागवायचा. त्या अवस्थेत प्रोग्रॅमला ६४ एमबी बाह्य मेमरीपैकी फक्त १६ एमबी दिसायची. पण उरलेल्या भागात वीच्या सुरक्षा-सॉफ्टवेअरने मागे ठेवलेला ऐवज तसाच पडलेला असायचा, किल्ल्यांसकट. टीम ट्वीझर्स या गटाने मेमरीच्या पत्त्याच्या तारा चिमट्याने एकमेकींना टेकवल्या. पत्ता चुकला की प्रोग्रॅमला न दिसणारा भाग दिसू लागतो. असे तुकडे जोडत त्यांनी किल्ल्या बाहेर काढल्या. हातात एक धातूचा चिमटा आणि मेमरी कशी चालते याची नेमकी समज, इतक्याच भांडवलावर ते काम झालं.

त्यानंतरचा शोध तर प्रत्येक प्रोग्रॅमरने एकदा तरी नीट समजून घ्यावा असा आहे. सही तपासताना वी दोन हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेले बोटांच्या ठशासारखे आकडे, शेजारी ठेवून ताडून बघायचा: सहीतून निघालेला हॅश आणि प्रोग्रॅमचा प्रत्यक्ष हॅश. हे ताडायला वापरलेलं फंक्शन होतं अक्षरांच्या ओळी ताडायचं, आणि ते शून्य बाइट दिसला की ‘ओळ संपली’ असं समजून तिथेच थांबतं. मग करायचं काय, तर सहीच्या जागी नुसती शून्यं भरायची. त्यातून निघणारा हॅशही शून्यच येतो. आता प्रोग्रॅममधल्या एखाद्या बिनकामाच्या जागी आकडे बदलत राहायचं, त्याच्या हॅशचा पहिला बाइट शून्य येईपर्यंत. सरासरी २५६ प्रयत्न लागतात. डोळ्याचं पातं लवायच्या आत संगणक तेवढं उरकतो. दोन्हीकडे पहिलाच बाइट शून्य, म्हणून वी म्हणतो, जुळलं. गणितात सहीची पद्धत अभेद्यच होती, फंक्शन तेवढं चुकीचं निवडलं गेलं होतं.

प्लेस्टेशन ३ ची गत याच जातीची. २००६ ते २०१० तो कन्सोल जवळपास अभंग राहिला, कारण त्यावर ‘अदर ओएस’ नावाच्या सोयीतून कंपनीच्या परवानगीनेच लिनक्स चालवता येत होतं. अमेरिकी हवाई दलाने तर १,७६० प्लेस्टेशन ३ जोडून एक महासंगणक उभा केला. एप्रिल २०१० च्या ३.२१ फर्मवेअरने, म्हणजे कन्सोलच्या मूळ सॉफ्टवेअरच्या त्या आवृत्तीने, ती सोय काढून घेतली, आणि ज्यांना आजवर मोडतोड करायचं कारणच नव्हतं असे लोक कामाला लागले. त्याच वर्षी डिसेंबरात बर्लिनच्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेसमध्ये फेलओव्हरफ्लो गटाने दाखवलं की सही करताना दर वेळी नवी यादृच्छिक संख्या घ्यायची असते, आणि इथे एकच संख्या पुन्हा पुन्हा वापरली गेली आहे. एकाच संख्येने केलेल्या दोन सह्या हाती आल्या की खासगी किल्ली शाळेतल्या बीजगणिताने काढता येते. काही दिवसांतच जॉर्ज हॉट्झ या हॅकरने मूळ किल्ली जाहीर केली, सोनीने त्याच्यावर खटला भरला आणि २०११ मध्ये तडजोड झाली. तेव्हा चालू असलेल्या फर्मवेअरचा ३.५५ हा आकडा आजही या क्षेत्रातल्या माणसाला पाठ असतो तो यामुळे.

आता स्विच. मार्च २०१७ मध्ये तो बाजारात आला आणि एप्रिल २०१८ मध्ये त्याच्या टेग्रा एक्स१ चिपच्या बूटरॉममधलं भोक जगजाहीर झालं. केट टेमकिन यांनी त्याला ‘फ्युझे जेले’ नाव दिलं. चिप दुरुस्तीच्या अवस्थेत, म्हणजे आरसीएममध्ये असताना यूएसबीवरून एक ठरावीक विनंती पाठवली की बूटरॉम तिच्यातली लांबी न तपासता तब्बल ६५,५३५ बाइटपर्यंत मजकूर उचलून ठेवतो. तेवढा मजकूर मावत नाही, तो शेजारच्या जागेवर सांडतो आणि तिथे आपला कोड जाऊन बसतो. साखळीची पहिलीच कडी हातात आल्यावर पुढच्या सह्यांना अर्थ उरत नाही. विकले गेलेले कन्सोल अपडेटने दुरुस्त करणं शक्य नव्हतं. २०१८ च्या मध्यापासून कारखान्यातच चिपमधल्या फ्यूजच्या (एकदाच जाळता येणाऱ्या सूक्ष्म जोडण्यांच्या) मार्गाने ठिगळ लावून नवे कन्सोल बाहेर पडू लागले, आणि २०१९ पासून चिपच बदलली.

म्हणजे तुमचा स्विच अगदी सुरुवातीच्या खेपेतला असेल तर सोल्डरचा थेंबही न लावता काम होतं. अनुक्रमांकावरून ते तपासता येतं. नंतरचा असेल, किंवा लाइट अथवा ओलेड असेल, तर मॉडचिपशिवाय इलाज नाही.

मॉडचिप म्हणजे काय हेही सांगतो, कारण या एकाच शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात. पहिल्या प्लेस्टेशनच्या अस्सल डिस्कमध्ये आतल्या बाजूच्या खाचेला मुद्दाम एक हेलकावा दिलेला असे आणि त्यात प्रदेशाची चार अक्षरं लपलेली असत. घरच्या सीडी-रायटरला तो हेलकावा उमटवता येत नसे. त्या काळची मॉडचिप म्हणजे ती चार अक्षरं योग्य वेळी तारेवर कुजबुजणारा एक छोटा मायक्रोकंट्रोलर. आजची मॉडचिप तसलं काही सांगत नाही. ती प्रोसेसरला नेमक्या क्षणी धक्का देते. एक्सबॉक्स ३६० चा २०११ मधला ‘रीसेट ग्लिच’ हे याचं उत्तम उदाहरण आहे. प्रोसेसरचा वेग आधी कमी करायचा आणि मग रीसेटच्या तारेवर इतका सूक्ष्म ठोका द्यायचा की तो रीसेट तर होत नाही, पण गडबडतो. तो ठोका हॅश ताडायच्या क्षणी पडला की ‘फरक नाही’ असं उत्तर येतं. नाही जमलं तर चिप पुन्हा प्रयत्न करते, म्हणून असे कन्सोल कधी लगेच सुरू होतात, कधी थोडा वेळ घेतात. स्विचच्या मॉडचिपा विजेच्या दाबात क्षणभर खळगा पाडून असंच काही साधतात. त्यातल्या एका लोकप्रिय प्रकारात रास्पबेरी पाय पिकोवर असते तीच आरपी२०४० चिप असते.

पण स्विचमध्ये ती बसवायची म्हणजे मोहरीच्या दाण्याहून लहान कपॅसिटरांवर सोल्डर करायचं. सूक्ष्मदर्शक, चांगला फ्लक्स, तापमान धरून ठेवणारी सोल्डरिंग आयर्न आणि आधी भंगार बोर्डांवर घालवलेले कित्येक तास, यातलं एक जरी नसेल तर रोजच्या वापरातल्या कन्सोलवर हा प्रयोग करू नका. आयर्न जास्त तापली आणि हात क्षणभर जास्त टेकला की बोर्डावरचा तांब्याचा ठिपका उखडून येतो. असे ठिपका गेलेले बोर्ड मी तार ओढून परत उभे केले आहेत. पण प्रत्येक वेळी मालकाला सांगावं लागलं की हे काम मूळ कामापेक्षा दसपट कठीण झालंय.

आता प्रतीबद्दल, कारण सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.

कन्सोलची अंतर्गत साठवण, वीमध्ये ५१२ एमबीची नँड, साध्या स्विचमध्ये ३२ जीबीची ईएमएमसी, ही तुमच्या संगणकाच्या हार्ड डिस्कसारखी नाही. ती त्या एकाच यंत्राच्या किल्लीने कुलूपबंद असते. किल्ली प्रोसेसरमध्ये कारखान्यातच जाळून पक्की केलेली असते आणि दुसऱ्या कुठल्याही वीमध्ये तशी किल्ली नसते. त्यामुळे मित्राच्या कन्सोलची प्रत तुमच्या कन्सोलवर चालत नाही आणि नेटवरून उतरवलेलीही चालत नाही. तुमच्या कन्सोलची प्रत या जगात फक्त तुम्हीच घेऊ शकता, आणि तीही कन्सोल जिवंत आहे तोवरच.

ही गोष्ट मी एका वीवर शिकलो. प्रत घेतली होती, नाही असं नाही. पण ती घेतली एका नकली एसडी कार्डावर, ज्याची खरी क्षमता छापलेल्या आकड्यापेक्षा कितीतरी कमी होती. कार्ड भरल्यानंतर पुढचा मजकूर जुन्यावर लिहिला जात राहिला आणि कुठेही चूक दाखवली गेली नाही. सहा महिन्यांनी एक बिघडलेलं चॅनेल बसवल्यामुळे मेनू उघडेना, तेव्हा प्रत काढून बघितली. फाइलचा आकार बरोबर, आत कचरा. तो कन्सोल ज्या घरातून आला होता तिथल्या आजोबांनी बोलिंगचे जे आकडे जमवले होते, ते त्यावरच होते. मला ते परत आणता आले नाहीत, आणि त्याचं वाईट आजही वाटतं. तेव्हापासून नवं कार्ड आधी पूर्ण भरून तपासायचं, प्रत दोनदा घ्यायची, दोन्ही फाइलींचा हॅश जुळवायचा आणि मग तिसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवायची, हा क्रम मी कधी मोडलेला नाही. एक्सबॉक्स ३६० ची १६ एमबीची नँड बाहेरून तारा जोडून वाचतात. तिथे तर दोन वाचनं जुळली नाहीत की समजायचं, एखादा सोल्डर नीट लागलेला नाही.

पहिल्या एक्सबॉक्सची हीच गोष्ट वेगळ्या रूपात आहे. त्याची हार्ड डिस्क पासवर्डने बंद असते आणि तो पासवर्ड ज्यावरून तयार होतो ती किल्ली बोर्डावरच्या एका छोट्या ईईप्रॉममध्ये असते. ईईप्रॉमची प्रत म्हणजे जेमतेम २५६ बाइट. पण ती नसताना बोर्ड मेला तर धडधाकट डिस्कही कायमची मुकी होते. कुणाकडे पहिला एक्सबॉक्स असेल तर तो मॉड करा अथवा करू नका, पण आधी उघडून घड्याळाचा कपॅसिटर बघा. तो गळतो आणि बोर्डावरच्या रेषा खातो. १.६ ही शेवटची आवृत्ती सोडली तर बाकी सगळ्यांतून तो काढून टाकलेला बरा.

वीवर प्रत्यक्ष काय करायचं ते आता सांगतो. आधी मेनूची आवृत्ती बघा. २०१० मध्ये आलेली ४.३ ही शेवटची, आणि तुमच्याकडे बहुधा तीच असेल. तिच्यासाठी ‘लेटरबॉम्ब’ नावाचा मार्ग आहे. वीचा मॅक पत्ता देऊन एक खास पत्र तयार करायचं, एसडी कार्डावर ठेवायचं आणि संदेशफलकावर ते पत्र उघडायचं. पत्र वाचताना मेनू घसरतो आणि आपला प्रोग्रॅम सुरू होतो. पत्र दिसत नसेल तर कार्डाला दोष देण्याआधी वीची तारीख बघा, दहापैकी आठ वेळा गोम तिथेच असते. दिसलं नाही तर आदल्या दिवसाच्या पानावरही शोधा. वी मिनीला एसडी कार्डाची खाचच नाही, त्याच्यासाठी ब्लूटूथमधून शिरणारा ‘ब्लूबॉम्ब’ आहे.

इन्स्टॉलर उघडला की तो सुरुवातीलाच सांगतो की हे सॉफ्टवेअर विकत घेतलं असेल तर तुमची फसवणूक झाली आहे. ते खरं आहे. यातलं काहीही पैसे देऊन घ्यायचं नसतं. त्यानंतर होमब्रू चॅनेल, म्हणजे वीच्या मेनूवरून होमब्रू उघडायचं दार, बसवा आणि लगेच बूटमी, म्हणजे नँडची प्रत घेणारं आणि परत भरणारं साधन. जुन्या वीच्या पहिल्या बूटलोडरमध्ये सही तपासण्याची तीच जुनी चूक आहे, त्यामुळे तिथे बूटमी दुसऱ्या बूटलोडरमध्ये, म्हणजे बूट२ मध्ये बसतं. मग मेनू पूर्ण उद्ध्वस्त झाला तरी कार्ड घालून प्रत परत भरता येते. नंतरच्या वीमध्ये ती चूक दुरुस्त झाली आहे आणि बूटमी फक्त आयओएस (वीचं अंतर्गत सिस्टीम-सॉफ्टवेअर) म्हणून बसतं, म्हणजे मेनू जिवंत असेपर्यंतच उपयोगाचं. इन्स्टॉलर तुमचा वी कुठल्या जातीचा ते सांगतो. दुसऱ्या जातीचा निघाला तर मेनूच्या आधी जागं होणारं प्रायलोडरही बसवा, आणि सिस्टीमच्या फाइलींशी खेळताना दुप्पट सावध राहा.

एक बारीक गोष्ट, जी माहीत नसल्यामुळे अनेक जण गोंधळतात. बूटमीमध्ये वीचा रिमोट चालत नाही. गेमक्यूबचा कंट्रोलर नसेल तर कन्सोलवरच्याच बटणांनी काम करायचं: पॉवरने पुढे सरकायचं, रीसेटने निवडायचं.

वीला खरोखर मारणाऱ्या गोष्टी मोजक्याच आहेत. दुसऱ्या प्रदेशाचा मेनू बसवणं, कुठून तरी मिळालेलं सजवलेलं चॅनेल न तपासता बसवणं, आणि ‘जागा मोकळी करू’ म्हणून आयओएस उडवणं. या तिन्हींपासून लांब राहिलात तर होमब्रू चालवून वी बिघडल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

स्विचवर हात टाकायची वेळ येईल तेव्हा क्रम असा ठेवा. आरसीएममध्ये गेल्यावर पडदा पूर्ण काळा राहतो. कन्सोल मेला असं समजून घाबरू नका, ती अवस्थाच तशी आहे. हेकाटे या होमब्रू बूटलोडरमधून आधी पूर्ण ईएमएमसीची आणि तिच्या दोन बूट-विभागांची प्रत घ्या. मग एसडी कार्डावर ईएमयूएमएमसी बनवा, म्हणजे अंतर्गत साठवणीची हुबेहूब दुसरी आवृत्ती, आणि ॲटमॉस्फियर हे होमब्रू चालवू देणारं फर्मवेअर फक्त त्यातच चालवा. मूळ साठवण कोरी राहू द्या. कार्ड फॅट३२ मध्येच फॉरमॅट करा. स्विचचं एक्सफॅट होमब्रूबरोबर डेटा खराब करतं आणि त्यात गेलेल्या सेव्ह फाइली परत मिळवून देणं माझ्या हातात नसतं.

बंदीबद्दल. प्रत्येक स्विचमध्ये त्याचं स्वतःचं एक प्रमाणपत्र असतं आणि सर्व्हरशी बोलताना कन्सोल तेच दाखवतो. बंदी येते ती त्या प्रमाणपत्रावर, म्हणजे यंत्रावर. नवं खातं उघडून ती उठत नाही. ईएमयूएमएमसी नेटपासून पूर्ण तोडलेली आणि मूळ बाजू स्वच्छ, ही मांडणी धोका बराच कमी करते, पण संपवत नाही. ज्या स्विचवर मित्रांबरोबर रोज ऑनलाइन खेळता, तो मॉड करू नका. शक्य असेल तर वेगळा, सुरुवातीच्या खेपेतला जुना स्विच घ्या.

अपडेटबद्दल विचारलेलं नाही, पण सांगायला हवं. स्विच आणि एक्सबॉक्स ३६० या दोन्हींत ठरावीक अपडेटबरोबर प्रोसेसरमधला एक फ्यूज खरोखर जळतो. जळलेल्या फ्यूजांची संख्या फर्मवेअरच्या अपेक्षेपेक्षा जास्त दिसली की कन्सोल जुनं फर्मवेअर सुरूच करत नाही. म्हणून ‘अपडेट करून बघू, नाही जमलं तर मागे जाऊ’ हा बेत इथे चालत नाही. कपाटात पडलेला कुठलाही कन्सोल सापडला की सगळ्यात आधी त्याचं वायफाय बंद ठेवा, आवृत्ती वहीत लिहा आणि मग वाचायला बसा. प्लेस्टेशन ४ वर हे पदोपदी जाणवतं. तिथे बूटरॉमचं भोक हाती नाही, सगळे मार्ग आवृत्तीला बांधलेले. ९.०० साठी एक मार्ग, ११.०० साठी २०२४ मध्ये आलेला दुसरा, जो नेटवर्क केबलमधून आत शिरतो. कन्सोल बंद झाला की तो पुन्हा चालवायचा.

कायद्याचं थोडक्यात. देशादेशांत तो वेगळा आहे. अमेरिकेत १९९८ च्या डीएमसीए कायद्याचं कलम १२०१ कुलूप तोडण्यालाच आक्षेप घेतं. २०२१ मध्ये कन्सोलच्या ऑप्टिकल ड्राइव्हच्या दुरुस्तीपुरती सूट मिळाली. युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं की अशी कुलपं प्रमाणात असावीत आणि साधन प्रत्यक्षात कशासाठी वापरलं जातं तेही बघावं. स्वतःच्या यंत्रावर स्वतःचं सॉफ्टवेअर चालवणं आणि चोरीचे गेम चालवणं यात मी स्पष्ट फरक करतो. दुसऱ्या प्रकारचं काम मी घेत नाही. त्या धंद्याची किंमत किती मोठी असते हे मॉडचिपा विकणाऱ्या टीम एक्झेक्युटर या गटाच्या प्रकरणात दिसलं: गॅरी बाउझर यांना फेब्रुवारी २०२२ मध्ये ४० महिन्यांची कैद झाली. कुणी ‘सगळे गेम भरून देतो’ म्हणत कन्सोल विकत असेल तर त्याच्याकडून घेऊ नका. त्यात नँडची प्रत तुमच्याकडे नसते आणि आत काय बसवलंय ते तुम्हाला कधीच कळत नाही. शिवाय ज्याला फक्त स्वतःचा प्रोग्रॅम कन्सोलवर चालवायचा आहे, त्याच्यासाठी एक्सबॉक्स वन आणि त्यानंतरच्या एक्सबॉक्सांवर अधिकृत डेव्हलपर मोड आहे. त्यात काहीच मोडावं लागत नाही.

हे सगळं करायचं कशासाठी, असं घरचे विचारतील. वीपुरतं सांगतो. त्याची ऑनलाइन खेळाची सेवा मे २०१४ मध्ये थांबली, दुकान जानेवारी २०१९ मध्ये बंद झालं. दुकानातून पैसे मोजून घेतलेले गेम तुमच्या वीच्या नँडमध्ये आहेत. डिस्क वाचणारी लेन्स झिजली की अस्सल डिस्क हातात असूनही गेम चालत नाही; होमब्रूने तीच डिस्क लेन्स जिवंत असताना यूएसबीवर उतरवून ठेवता येते. सेव्ह फाइली बाहेर काढता येतात, मूळ मेनू ज्यांची नक्कल करायला नकार देतो त्यासुद्धा. बंद पडलेल्या ऑनलाइन खेळासाठी चाहत्यांनी वीमफाय (Wiimmfi) हा पर्यायी सर्व्हर उभा केला. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली तेव्हा अमेरिकेत २०१० च्या आधी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे विकत मिळतच नाहीत असं दिसलं. पहिल्या एक्सबॉक्सवर होमब्रू म्हणून जन्मलेला एक्सबीएमसी हा मीडिया प्लेअर पुढे कोडी नावाने जगभर टीव्हींवर पोचला. माझ्याकडे येणाऱ्यांत मात्र मोठी संख्या आहे ती आपल्या मुलाची किंवा भावाची जुनी सेव्ह फाइल वाचवायची म्हणून येणाऱ्यांची.

तर पहिल्या संध्याकाळी वीवर एवढंच करा: तपासलेलं कार्ड, लेटरबॉम्ब, होमब्रू चॅनेल, बूटमी आणि नँडची प्रत. एमुलेटर, थीम, यूएसबी लोडर यांना त्या दिवशी हात लावू नका. प्रत घेताना पडद्यावर थोडे खराब ब्लॉक दिसले तर दचकू नका. नँड चिपमध्ये काही खराब ब्लॉक कारखान्यातूनच असतात. ते कुठल्या क्रमांकाचे आहेत ते टिपून ठेवा आणि दुसरी प्रत घेताना तेच क्रमांक येतात का बघा. तेच आले तर चिप ठीक आहे. नवे दिसू लागले तर काहीही बसवायच्या आधी मला ते क्रमांक कळवा.